हेडमास्तरांची आखूड शेपूट

जनावरांच्या दवाखान्यात त्यांना सगळे क्रमवार काका म्हणत. काकांचा विश्वास नावावर नसे, जागेवर असे. छत्री दुसऱ्या खुंटीवर, चष्मा खालच्या खणात. काकूंनी एकदा स्वयंपाकघरातले डबे हलवले, तर काकांनी मिठाचा चहा केला आणि निमूट प्यायले. जागा कशी चुकेल?

जनावरांचा तक्ता काढणारी संगणकावरची स्क्रिप्टही त्यांनी याच चालीवर लिहिली होती. डेटाबेसला प्रश्न विचारायचा. येईल त्या उत्तरातला पहिला रकाना जनावराचं नाव, दुसरा मालक, मग रंग, मग शेपूट. ती चालली म्हणून तर त्यांची वजनकाट्यावरून सुटका झाली होती. काट्यावर त्यांना बोकडाने ढुशी दिली होती, मांजराने बोचकारलं होतं आणि एका पोपटाने चारचौघांत शिवी घातली होती. आज मोठ्या डॉक्टरीणबाई तक्ता बघणार होत्या. तो चुकला, तर काका परत काट्यावर.

आणि नेमका आजच कोणीतरी प्रश्न बदलून मालक आधी मागवला. तक्त्यात गावचे हेडमास्तर पांढरे आणि आखूड शेपटीचे निघाले. त्यांचा मालक त्यांचाच कुत्रा, भुंग्या.

काउंटरवरच्या ताईने तोंडाला पदर लावला. "काका, हेडमास्तरांना जंताचं औषध आता देऊ की जेवणानंतर?"

मग तिनेच सांगितलं, की कुठले रकाने येतील हे आपण कशाला गृहीत धरायचं? उत्तर आपल्या रकान्यांची नावं बरोबर घेऊन येतं. आधी ती विचारा आणि नावानेच माल उचला. काकांना हे आगाऊपणाचं वाटलं, पण काटा समोर दिसत होता. त्यांनी तसं केलं, स्क्रिप्ट चालवली, आणि दवाखान्यातली यच्चयावत जनावरं नाहीशी झाली. नुसते मालक उरले.

काकांनी स्क्रिप्ट वरून वाचली, खालून वाचली. शेवटी ताई मान वाकडी करून पडद्याकडे बघू लागली. डेटाबेसमध्ये जनावरांच्या टेबलात, म्हणजे यादीत, 'नाव' होतं आणि मालकांच्या टेबलातही 'नाव'च. एका नावाच्या कप्प्यात दोघं कसे मावणार? मागून आलेल्या मालकाने जनावराला बाहेर ढकललं होतं.

"तुमच्या घरी वहिनी किती?" तिने विचारलं.

"दोन."

"हाक कशी मारता?"

"थोरली वहिनी, धाकटी वहिनी," काका म्हणाले, आणि तरीही त्यांना काही कळलं नाही. ताईने कपाळावर हात मारला आणि प्रश्नातच लिहायला लावलं: हे जनावराचं नाव, ते मालकाचं नाव.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्याच वेळी हेडमास्तरही भुंग्याला न्यायला आले आणि काकांची छत्री पहिल्या खुंटीवर सरकवून दुसरीवर आपली अडकवून बाकावर टेकले. बाईंनी तक्ता वाचला. भुंग्या पांढरा, शेपूट आखूड, मालक हेडमास्तर.

"बरोबर आहे. तक्ता तुमच्याकडेच राहू दे," बाई म्हणाल्या.

नेमकं काय बरोबर झालं, हे काकांना उमगलं नव्हतं. पण काटा टळला. त्या आनंदात त्यांनी दुसऱ्या खुंटीवरची छत्री काखोटीला मारली आणि घर गाठलं. मुठीवर हेडमास्तरांचं नाव ठळक कोरलेलं होतं. काकांनी ते वाचलं नाही.