नेमकं काय आवळायचं

पहिल्या बाळंतपणात मला खूप टाके पडले होते. पुढं पंचविशेक वर्षांनी पोटातला वारा धरवेना, संडासला पळेपर्यंत दम निघेना, तेव्हा मी सगळं वयावर ढकललं. जोतिबाला जाणं सोडलं. कुणी विचारलं की गुडघे पुढं करायची. माझ्या थोरल्या जावेला मात्र धुण्याच्या बादलीवरून कळलं. तिनं मला ओढतच डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

तिथं एक बारीक नळी मागच्या वाटेनं आत ठेवून स्नायूंचा जोर मोजतात. दुखलं नाही, पण लाजेनं मी अर्धी झाले. तपासणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची.

"काकू, आता आवळा."

मी आवळलं.

"पोट नको. मांड्या पण नकोत."

मग उरलं काय? मी दात आवळले, मुठी वळल्या, श्वास कोंडला. ती मशीनच्या पडद्यावरची रेघ बघून म्हणाली, "काकू, तुम्ही कुंथताय. उलटं होतंय."

दोन लेकरं जन्माला घातलेली बाई मी, आणि माझ्याच अंगात वर ओढायचं कुठलं, खाली ढकलायचं कुठलं, उमजेना. रडू आलं, त्यात हसूही यायला लागलं.

पडद्याआडून जाऊ ओरडली, "अगं, मंगलाष्टका चालल्यात आन् पोटात वारं आलंय. काय करतीस? त्ये कर की!"

रेघ वर सरकली.

"हां, हेच! धरून ठेवा," मुलगी म्हणाली. पण काय धरलं होतं तेच माझ्या हातून निसटलं.

सोनोग्राफी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणात आतला स्नायू फाटला होता. तो नीट जुळलाच नाही. व्यायामानं बराच फरक पडेल."

रिक्षात जाऊ म्हणाली, "बरं झालं की, कारण तरी सापडलं." मला बरं वाटत होतं की राग येत होता, कळत नव्हतं. राग तरी कुणावर? टाके घालणाऱ्यांवर, की 'बायकांचं असंच असतंय' म्हणणाऱ्या सासूबाईंवर?

पावसाळाभर व्यायाम केला. पळापळ निम्म्यानं कमी झाली. तरी भाकरी थापता थापता मध्येच शंका यायची, आत्ता आवळतेय की कुंथतेय?

परत तपासणीला गेले तेव्हा रेघ चांगली वर चढली. "बरोबर करताय, काकू," मुलगी म्हणाली. मी मान हलवली. काय बरोबर केलं, ते मात्र तिनं विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.