खांबाभोवतीचे पत्रे

मौला मुलाणी कधी कुठल्या कामाला उशिरा गेला नाही. फक्त आटपाडीच्या माळावर परत जायला त्याला सहा वर्षं लागली.

लष्करात सिग्नलची नोकरी करून तो गावाकडे आला आणि मलकापूरच्या एका वेधशाळेत लागला. काम बसून करायचं. जमीन कुठे सरकते, कुठे उचलते, कुठे खचते हे उपग्रहांवरून मोजायला सातारा-सांगलीत ठिकठिकाणी काँक्रीटचे खांब उभे केले आहेत. खांबाच्या डोक्यावर थाळीएवढा अँटेना. तो उपग्रहांचे इशारे धरतो आणि खांब बोटाच्या पेराएवढा जरी हलला तरी आकड्यांत दिसतं. हे आकडे रोज सकाळी मौलाच्या संगणकात उतरायचे. ते तपासायचे, जागच्या जागी ठेवायचे, खराब असतील तर तशी खूण करायची. त्यात तो चोख होता. बायको अख्तरबी म्हणायची, "पोरांचं वाढदिवस इसरता, पर खांबांची हजेरी न्हाई चुकत तुमची."

आटपाडीचा खांब तानुबाई सांभाळायची. मेंढपाळाच्या घरची बाई. नवरा कळप घेऊन दूर गेला की घर आणि माळ दोन्ही तिच्यावर. सौर पाटी पुसायची, बॅटरीत पाणी घालायचं, राखण करायची. खांब बसवला त्या दिवशी मौलानंच तिला बजावलं होतं, "अक्का, बाकी काय बी होऊ द्या, खांबाला धक्का लागता कामा नये."

पुढे एका उन्हाळ्यात आटपाडीचे आकडे बिघडले. खांब आज वर, उद्या खाली. मौलानं फोन केला.

"तानुबाई, खांब ठीक हाय न्हवं?"

"लय ठीक. धक्का म्हून लागू देत न्हाई. अख्तरबी बरी हाय का?"

मौलानं खूण केली: खराब, कारण कळले नाही. जाऊन बघायचं तर तीन गाड्या बदलायच्या, वर माळाची चढण. त्याचे गुडघे दुखत होते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोन, तेच उत्तर, तीच खूण. जो माणूस एका दिवसाची फाईल हरवली तर जेवत नसे, त्यानं वर्षंच्या वर्षं अशी बाजूला ठेवली. बसून होईल तेवढंच त्यानं केलं.

यंदा सगळ्या खांबांचा हिशेब मांडायला वेधशाळेत शास्त्रज्ञ पूजा मॅडम आल्या. म्हणाल्या, "मौलाकाका, आटपाडीची सहा वर्षं सोडून द्यावी लागतील. अँटेनाजवळ काही उभं केलंय का कुणी?"

बघायला मौला गेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं एसटी धरली.

चढणीवरूनच त्याला काहीतरी लखलखताना दिसलं. खांबाभोवती माणसाच्या छातीएवढं पत्र्याचं कुंपण. तारेनं आवळलेलं, बुडाला दगड रचलेले. तानुबाई दारात उभं राहिल्यासारखी तिथं उभी होती.

"बगा मौलाभाऊ. मेंढरं अंग घासायची खांबाला. उभं दिसंल तिथं घासणार, त्यांची जातच तसली. मग आमच्या मेंढरांच्या वाड्यावरचं पत्रं काढलं आन् आणलं हितं."

"कुणी आणलं?"

"कोण आणणार? मीच. डोस्क्यावर."

मौला चढणीकडे बघत राहिला. दहा फुटी पत्रा, माळावरचा वारा. वारा पत्र्यात शिरला की माणसाला फिरवतो, पाय उचलू देत नाही. तसे आठ पत्रे.

काही उभं केलं असेल तर काढा एवढंच सांगायचं, सहा वर्षं वाया गेल्याचं गिळायचं, असं त्यानं गाडीत ठरवलं होतं. पण तिनंच विचारलं.

"माझं आकडं कामाला आलं का वो?"

मौला म्हणाला, "न्हाई आलं, तानुबाई. इशारा वरनं येतो, पत्र्यावर आदळतो आन् परत अँटेनात शिरतो. खांब कुठं हाय तेच कळंना. पत्रं जागचं हललं नसतं तर चूक वजा तरी केली असती. पर वाऱ्यानं रोज हलायचं."

"किती दिस झालं असं?"

"पत्रं लावल्यापासनं."

तिनं एका पत्र्यावर हात ठेवला. तो वाऱ्यानं थरथरत होता.

"तुमाला कळत हुतं व्हय, आकडं बिघडल्यालं?"

"कळत हुतं."

"मग एकडाव येऊन बगायचं न्हाई? मी हितंच तर हुते."

मौलाला गुडघ्याचं सांगायची लाज वाटली.

तानुबाईनं पक्कड आणली आणि तारा तोडायला लागली. पहिला पत्रा सुटला तशी म्हणाली, "धरा तिकडनं." दोघांनी धरून तो खाली नेला. वाऱ्यानं मौला दोनदा भेलकांडला, तळहात कापला. ती थांबली नाही. मोठ्या बाभळीपाशी मात्र म्हणाली, "हितं जपून. हितं मी पडले हुते."

तिन्हीसांजेपर्यंत आठही पत्रे वाड्यावर गेले. माळावर खांब एकटा उरला. आता मेंढरांकडे तिनं स्वतः बघायचं ठरलं. चहा झाला आणि मौला निघाला.

दोन दिवसांनी आटपाडीचे आकडे आले. एक रेघ, स्वच्छ. मौलानं लगेच फोन लावला.

"तानुबाई, आकडं लय चांगलं आलं बगा."

"बरं," ती म्हणाली.

अख्तरबीची चौकशी होईल म्हणून तो फोन कानाला धरून बसला. पण तिनं फोन केव्हाच ठेवला होता.