ग्रहणात चिरलेली वांगी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमचं वसतिगृह रिकामं केलं आणि मी उदगीरकडच्या आमच्या गावी परत आले. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या बोलण्याला माझ्या लायकीपेक्षा जास्त मान मिळायचा. मला त्याची थोडी भीतीच वाटायची.

माझी ताई फार थोडं बोलते. टँकरसाठी लावलेल्या घागरींच्या रांगेत एखादी तिरकी दिसली की ती सरळ करायची, मग घागर कुणाचीही असो. बाया हसायच्या, पण रांग तिच्या भरवशावर सोडून भाकरी टाकायला जायच्या. तिला स्वमग्नता आहे, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती कशामुळे, हे मात्र मायनं त्यांना विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, ते आपल्याला माहीत आहे.

ताई पोटात असताना ग्रहण लागलं होतं. गरोदर बाईनं तेव्हा अंधारात बसायचं, काही चिरायचं नाही, अशी गावाची रीत. पण आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरानं असलं सगळं सोडलं होतं. "उठ पोरी, रोजच्यासारखं काम कर," ते म्हणाले. मायनं दारात बसून वांगी चिरली. पुढं ताई बोलेना, तेव्हा गल्लीतल्या बायांनी ती वांगी उकरून काढली. मायनं आजोबांना कधी बोल लावला नाही. पण माझ्या वेळी ग्रहण आलं तेव्हा ती गुपचूप घोंगडी पांघरून बसली होती. हे मला थोरल्या काकूनं सांगितलं.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी नव्या जिल्ह्याची मागणी करणारी जीप भोंगा लावून गल्लीतून गेली. ताई कानांवर हात दाबून कोपऱ्यात बसली.

"काहून एवढं भिती गं ही?" काकूनं विचारलं.

कॉलेजात मॅडमनी शिकवलं होतं ते मी अडखळत सांगायला लागले. मेंदूत पेशींच्या जोडण्या असतात. नको ते आवाज आपला मेंदू मागं सारतो, ताईच्या मेंदूला ते तितकं सहज जमत नसावं. मूल पोटात असतानाच या जोडण्या वेगळ्या घडायला लागतात, आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो.

"जनुकं म्हंजे?"

"आईबापाकडून लेकरात येतं ते."

माझं तिथंच चुकलं.

"म्हंजे हिच्या माहेरचं!" काकू मायकडं बोट करून म्हणाली. "हिचा भाऊ बी तसाच. लग्नात जेवायचं सोडून लोकाच्या चपला जोडीनं लावत बसला होता."

मायचा चेहरा उतरला. तिच्या डोक्यावरचं एक ओझं काढायला गेले आणि मीच दुसरं ठेवलं होतं.

"तसं नाही काकू," मी घाईनं म्हणाले. "एक जनुक नसतं, शेकडो असतात. थोडं थोडं दोन्हीकडून येतं. कधी आईबापात नसलेला बदल लेकरात आपोआप होतो. त्यातलं थोडं सगळ्यांतच असतं, तुमच्यातही असेल."

"माझ्यात? मला काय झालंय?"

"पुसलेला तांब्या तुम्ही रोज परत पुसता की."

माय एकदम हसली. "सापडलाव की अक्का तुमी बी!"

"तांब्या पुसला तर बिघडलं का?" काकूही हसली.

हसता हसता माय थांबली. "तुमच्या मॅडमनी ग्रहणाचं काय सांगितलं?"

"काहीच नाही."

"खोटं हाय म्हणाल्या?"

"नाही माय. नावच काढलं नाही. पुष्कळ गोष्टी अजून कळायच्या आहेत म्हणाल्या. पण ग्रहणाचा विषयच निघाला नाही."

मला हे उत्तर अपुरं वाटलं. माय मात्र माझ्याकडं बघतच राहिली.

"नाव बी न्हाई?"

"नाही."

"आन् मी इतकी वर्षं…" तिनं पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं ती रडते आहे, पण ती रागावली होती. कुणावर, ते तिलाही ठरवता येत नसावं. मग ती काकूकडं वळली आणि तिचा आवाज चढला. "ऐकलाव का अक्का? मामंजी बरोबर होते. नाव बी न्हाई काढलं त्या बाईनं!"

ताईनं परत कान झाकले. मायनं लगेच आवाज खाली आणला. ताईला न शिवता ती तिच्या शेजारी जाऊन टेकली आणि तेच तिला पुन्हा सांगितलं, अगदी हळू.