उतारावर बंद केलेलं इंजिन

दादा गेल्याचा फोन वहिनींनीच केला होता. जेवून खुर्चीत बसला, तो उठलाच नाही... त्याला दीड महिना झाला. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. "भाऊजी, उद्या भंगारवाला गाडी न्यायला येतोय. पनवेलला या, कागदपत्रं शोधून द्या. ते धूड एकदाचं जाऊ दे दारातून."

गाडी म्हणजे आमच्या बाबांची जुनी पद्मिनी. निवृत्त झाल्यावर दादानं कोन गावच्या महादूच्या गॅरेजमध्ये तिला नवं इंजिन घातलं, पाच गिअर आणि डिस्क ब्रेक बसवले. मी भांडलो. यात बाबांची गाडी राहिली कुठं, म्हणालो. दादा हसला. "अरे, बाबांचीच आहे. फक्त आता वेळेवर थांबेल." सहा महिने तो महादूशेजारी हात काळे करत बसायचा. नोकरीत मी त्याला एवढा खूश कधी पाहिला नव्हता.

चार वर्षांपूर्वी पुण्याहून लग्न आटोपून येताना त्यानं घाटात मला गाडी चालवायला दिली. मागे वहिनींचा डोळा लागला होता. उतार लागला तशी मी गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन बंद केलं. उतारावर पेट्रोल जाळायचं नाही, ही बाबांची शिकवण. जुन्या ब्रेकना त्याचं सोयरसुतक नव्हतं. नव्यांना मात्र इंजिनाचा जोर लागतो, हे दादानं मला दोनदा बजावलं होतं. पेडल दोन वेळा दबलं, तिसऱ्यांदा दगड. समोर कंटेनर, अंतर कमी होत चाललेलं... "दोन्ही पायांनी दाब," दादा हळू आवाजात म्हणाला. एका हातानं हँडब्रेक ओढत त्यानं दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागले, पण गाडी कंटेनरवर आदळलीच. वहिनींच्या कपाळाला तीन टाके पडले.

महादूनं गाडी तपासली. "ब्रेकमदी कायपन दोष नाय, भाऊ. मंग झाला कसा?" मी खाली बघत उभा. "माझंच काहीतरी चुकलं असेल," दादा म्हणाला. घरीही त्यानं ब्रेक बसवण्यात आपलंच चुकलं असं सांगितलं आणि मी मूग गिळून बसलो. याच्या गाडीत बसू नका, हे नात्यात सगळीकडे झालं. तोंड उघडायला चार वर्षं होती मला. भित्रा आहे मी, दुसरं काय.

काल भंगारवाला यायच्या आत वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे दर रविवारी विचारायचे, कर्नाळ्यापर्यंत येतेस का? मी नाही म्हणायचे. चार वर्षं, भाऊजी."

उठून त्यांनी गाडीचं डावं दार उघडलं. दादाच्या सीटचं कापड विरून गेलं होतं. अपघातानंतर त्यानं वहिनींसाठी मुद्दाम करून घेतलेल्या डावीकडच्या सीटवर अजून प्लास्टिक होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी फाडून काढलं, आत बसल्या, पट्टा लावला. फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

"परत पाठवा त्याला," त्या म्हणाल्या. "आणि महादूला बोलवा. तुम्ही चालवायची नाही."