मुठीच्या आतला गंज

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. आता बोलण्यात तरी काय राम आहे? पण मनात वागवून दमलोय. तुम्हाला सांगतो.

पन्नास-साठच्या दशकात मी जयपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. छावणीतले एक मेजर आमच्याच साताऱ्याकडचे. ब्रह्मदेशच्या लढाईत त्यांना एक जपानी तलवार मिळाली होती. एका वर्षी खंडेनवमीच्या पूजेआधी ती त्यांनी माझ्याकडे दिली. "मास्तर, शहरातून जरा साफसूफ करून आणा."

मी ती करीमभाईंकडे नेली. छावणीतल्या समारंभांच्या तलवारी हेच शिकलगार उजळून देत. त्यांनी मूठ उतरवली, पातं उन्हात धरलं आणि उलटसुलट करून निरखलं. मग धारेलगतची धुरकट पट्टी दाखवली. पात्याच्या पाठीला माती लिंपून, तापवून पाणी दिलंय, म्हणाले. म्हणून धार कडक आणि पाठ लवचीक. असा हात जन्मात पाहिला नव्हता त्यांनी. पातं नुसतं तेलाने पुसलं. मुठीच्या आत जाणारा भाग गंजून काळा पडला होता — त्याला मात्र हात लावेनात.

"इसे मत छेड़िए, प्रोफ़ेसर साहब. इसमें बनानेवाले का नाम है, और इसकी उम्र भी."

गंजलेलं शस्त्र पूजेत कसं मांडायचं? — असं मी स्वतःला सांगितलं. मूठ बसवल्यावर तो भाग दिसणारच नव्हता, हे काय मला कळत नव्हतं? खरं म्हणजे मला झोंबलं होतं. मी इतिहासाचा प्राध्यापक, आणि हा मला शिकवणार! घरी येऊन मूठ अडकवणारी बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ उतरवली आणि कानस घेऊन बसलो. गंजाखाली छिन्नीने कोरलेली अक्षरं होती. ती मला दिसली — दिसत होती — तरी मी घासत राहिलो. लोखंड लख्ख झालं तेव्हाच थांबलो. मग मूठ बसवून तलवार मेजरांना नेऊन दिली.

हिवाळ्यात त्यांच्याकडे एक जपानी अभ्यासक आले. मूठ उतरवली आणि लख्ख लोखंडावर बोट फिरवून अक्षरं शोधू लागले. काम पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं वाटतं, म्हणाले. ज्या लोहाराचं असावं त्याच्या तलवारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण नावही गेलं, गंजही गेला. आता ते कुणालाच ठरवता येणार नव्हतं.

मेजरांनी करीमभाईंना बोलावून घेतलं.

"मैंने तो मना किया था. प्रोफ़ेसर साहब से पूछ लीजिए."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "यानेच घासलं."

करीमभाई वाद घालत बसले नाहीत. छावणीचं काम त्याच दिवशी सुटलं. पुढे म्हणे शहराबाहेर झोटवाड्याला राहायला गेले, आणि सायकलवर सहाणेचं चाक बांधून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरू लागले. मेजरांची बदली झाली. मला बढती मिळाली. मी कधी काही बोललो? नाही.

एका दुपारी ते आमच्या गल्लीत आले. बायकोने विळी दिली. त्यांनी नीट, सावकाश धार लावली, अंगठा फिरवून पाहिली आणि तिला म्हणाले, "प्रोफ़ेसर साहब को सलाम कहिएगा."

मी दाराआड उभा होतो. बाहेर आलो नाही.