कानबाईसाठी बांधलेला हौद

तळ्याकाठी माझं रिसॉर्ट आहे आणि पाण्यात कचरा दिसला की माझं डोकं फिरतं. जळगाव-धुळ्याहून आलेल्या पाहुण्याने वेफरचं पाकीट तळ्यात टाकलं, तर मी त्यालाच ते काढायला लावतो. जलपर्णी मात्र एकट्याने निघत नाही. दर उन्हाळ्यात गावातल्या बायका माझ्याबरोबर कंबरभर पाण्यात उतरून ती उपटायच्या, मग काठावर सगळ्यांची शेवभाजी-भाकरी व्हायची.

श्रावणात याच बायका कानबाई देवीला डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत तळ्यावर विसर्जनाला येत. मागाहून हार-फुलं पाण्यात कुजत राहत. म्हणून गेल्या वर्षी मी फाटकाजवळ सिमेंटचा हौद बांधला, बोअरच्या स्वच्छ पाण्याने भरला आणि त्यांना तिथेच थांबवलं.

देवी डोक्यावर घेऊन पुढे असलेल्या एका अक्कांनी हौदाकडे पाहिलं, मग तळ्यात डुंबणाऱ्या माझ्या पाहुण्यांकडे.

“भाऊ, तुना पाव्हनास्ले बठ्ठं तळं, आनि आम्हनी मायले हौद?”

“तुम्हाला तळ्याचं काय पडलंय!” मी ओरडलो. कुणाला, तर जलपर्णी उपसणाऱ्या बायकांना. त्या वळल्या आणि कानबाई घेऊन पार नदीपर्यंत चालत गेल्या.

हौद बांधणं चूक होतं, असं मला अजूनही वाटत नाही. पण यंदा उन्हाळ्यात मी दारोदार फिरलो, तरी एकही बाई आली नाही. अर्धं तळं जलपर्णीने झाकलंय. पाहुणे तिच्या जांभळ्या फुलांचे फोटो काढतात आणि निघताना मला म्हणतात, “तळं काय सुंदर ठेवलंय हो तुम्ही!”