पश्चिमेची पडवी

वडनेर भोलजीतल्या आमच्या घराची पडवी पश्चिमेकडे तोंड करून बांधली गेली, ती मिस्त्रीने नकाशा उलटा धरला म्हणून नव्हे. नकाशा मीच तसा काढला होता. एवढं लिहायला मला उभं आयुष्य लागलं. गावात ती गोष्ट अजून हसत सांगतात, आणि तेव्हा तिथे हजर असलेल्यांपैकी मी एकटाच उरलो आहे.

नवं राज्य झालं त्यानंतर दोन-तीन वर्षांत मला रत्नागिरीकडे नकाशे काढण्याची नोकरी लागली. तिथे एका निवृत्त मास्तरांसाठी मी समुद्राकाठी घर आखलं. पुढे रुंद पडवी, तिला कमरेएवढा कट्टा, आत आठ फळ्यांचं घडीचं दार. ते उघडलं की खोली, पडवी आणि अंगण एकच होई. मागच्या भिंतीलाही तेवढीच मोठी खिडकी, म्हणजे समुद्राचा वारा घरातून आरपार जाई. मास्तर पडवीतच जेवत, तिथेच झोपत. "मी घरात राहतो की बाहेर, हे आमच्या हिला अजून कळलेलं नाही," असं म्हणून हसत. दुपारी तीनला तिथे बसलो की हातातला कागद फडफडायचा. धाब्याच्या सपाट मातीच्या छताखाली, अंधाऱ्या खोल्यांत वाढलेल्या मला ते घर म्हणजे स्वर्ग वाटला.

त्याच सुमारास आबांचं, माझ्या वडिलांचं, पत्र आलं. आई जाऊन वर्ष झालं होतं, त्यांचे गुडघे धरले होते. आतल्या खोलीत पडून राहवत नाही, माणसं दिसली पाहिजेत. शेताच्या वाटेवर नवं घर बांधू, तुझ्या हातचं असू दे.

मी महिन्याची रजा काढली आणि मास्तरांच्याच घराचा नकाशा घेऊन आलो. जांभ्या दगडाऐवजी विटा केल्या, बाकी काही बदललं नाही. पडवीचं तोंडसुद्धा पश्चिमेलाच ठेवलं. आमच्याकडचा उन्हाळी वारा मी लहानपणापासून अंगावर घेतला होता. पण कागदावर वारा दाखवायला मी समुद्राकाठी शिकलो होतो, आणि कागदावर तो पश्चिमेकडून गारच येत असे.

मिस्त्री साठीचे होते. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. चुन्याने आखणी करायला सकाळी आम्ही दोघंच होतो. पडवीची रेघ ओढली तसे ते थांबले.

"भाऊ, पच्छिमेले तोंड?"

"हो. वारा तिकडूनच येतो ना?"

"येते ना. पन तो काय थंडाई घेऊन येते?" त्यांनी खळ्यातला मूठभर भुसा उचलून हवेत सोडला. भुसा उगवतीकडे वाहत गेला. "पाह्यलं? वैशाखात हेच हवा पेटते. म्हून तर आपल्या घराले तिकडून खिडकी नसते. मानूस भाजून काढान तुमी."

"मिस्त्री, तुम्हाला नकाशा वाचता येतो का?"

"नाई बा."

"मग झालं तर."

ते आबांकडे गेले. आबा खाटेवरून म्हणाले, "तुमचं खरं असन मिस्त्री. पन पोरगं शिकेल हाय. त्याच्या मनासारखं होऊ द्या."

मिस्त्रींनी माझ्याच रेघेवर पाया खणला. घर मात्र सुरेख बांधलं. आठही फळ्या एका बोटाने सरकत. भिंती उभ्या राहिल्या आणि मी नोकरीवर परतलो.

हिवाळाभर आबा पडवीत खुशीत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत, शेतातली भाजी घेऊन चाललेल्या बायकांना थांबवून भाव विचारत. चैत्रात त्यांचं पत्र आलं. दुपारनंतर पडवीत बसवत नाही, दारं लावली तरी फटींतून झळ येते, आतल्या भिंतीही तापतात. मिस्त्री म्हणतात पश्चिमेला विटांची भिंत घालून देतो, आठ दिवसांचं काम, विटा येऊन पडल्या आहेत. तू हो म्हण.

मी ते पत्र मास्तरांच्या पडवीत बसून वाचलं. समोर समुद्र होता. तिथूनच उत्तर लिहिलं: भिंत घालू नका, घराचा जीव जाईल. मी जूनमध्ये येतो, मग पाहू.

आबांनी माझा शब्द मानला. वैशाखात एका दुपारी ते पडवीतल्या खाटेवर बेशुद्ध सापडले. ऊन लागलं होतं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. विटांचा ढीग अंगणात तसाच होता.

तेराव्याला माणसं त्याच पडवीत दाटीने बसली होती. मामांनी विचारलं, "काऊन रे, घराचं तोंड इकडं कोनं केलं? आंधळ्यानं?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या तोंडून निघालं, "मिस्त्रींनी नकाशा उलटा धरला. आखणी झाली तेव्हा मी नव्हतो इथे."

मिस्त्री पायरीशी बसले होते. ज्यांच्यासमोर बोलणं झालं होतं ते आबा गेले होते. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "तुमी म्हनता तं तसंच असन," एवढं म्हणून ते उठले.

त्यानंतर गावात त्यांना कुणी घर दिलं नाही. पोरंसुद्धा वर आभाळाकडे बोट करून म्हणत, "मिस्त्री, आज दार आभायात का?" दोन वर्षांनी ते खामगावला एका जिनिंगमध्ये कापसाची ओझी उचलायला गेले. हातात थापी धरणारा माणूस. तिथेच वारले. मी भेटायला गेलो नाही. पश्चिमेची भिंत मी दुसऱ्या मिस्त्रीकडून घालून घेतली.

गेल्या महिन्यात तो नकाशा घेऊन मी मिस्त्रींच्या मुलीकडे गेलो. तीही आता म्हातारी आहे. कागद तिच्यापुढे पसरून उत्तरेचा बाण दाखवला, पडवी दाखवली, खाली माझी सही दाखवली. तिने बाणावर बोट ठेवलं.

"म्हंजे बाबानं बराबर धरला व्हता."

"हो."

"मरेपर्यंत हेच म्हने. आमी म्हनो, बुढा सटकला." तिने पदराने डोळे पुसले. "तवा काऊन नाई सांगतलं भाऊ? तो जिता व्हता तवा?"

"हा ठेवा तुमच्यापाशी," एवढंच मी म्हणालो. तिने नकाशा घडी करून मला परत दिला. म्हणाली, "मले काय करायचा? गावाले दाखवा."

म्हणून हे लिहिलं आहे. उद्या ग्रामपंचायतीत नकाशासोबत देतो, आणि वाचूनही मीच दाखवणार आहे.